कंदिलाची काच आणि दांड्याचे ग्लास

इचलकरंजीहून एका भगिनीचं पत्र आलंय. मुलगा पुण्याला नोकरीला. आईवडिलांच्या लग्नाच्या पंचविसाव्या वाढदिवसाला त्यानं सहा ग्लास पाठवले; पातळ काचेचे, उंच दांड्याचे, वाइनचे म्हणतात ते. "आमच्या घरी कुणी घेत नाही," असं बाईंनी आधीच लिहून टाकलंय (मी विचारलं नव्हतं हो!). "पण दिसायला इतके सुरेख आहेत की वापरावेसे वाटतात. सासूबाई म्हणतात, आठ दिवस टिकायचे नाहीत, शोकेसमध्ये ठेव. काय करू?"

वापरा. अगदी रोज वापरा.

हे मी अनुभवानं सांगतेय. आमच्याकडेही असे सहा ग्लास आहेत. म्हणजे होते. सहा वर्षांपूर्वी भाच्यानं नाशिकहून आणले; तिकडं द्राक्षांची वाइन होते, ते आता सगळ्यांना ठाऊक आहे. आमच्या घरात त्यातून उन्हाळ्यात पन्हं, एरवी कोकमाचं सरबत, आणि मासे केले की सोलकढी. सहातले चार आजही शाबूत आहेत. दोन गेले, पण पिणाऱ्याच्या हातून एकही गेला नाही. ते कसे गेले ते पुढं सांगतेच.

शोकेसमध्ये ठेवलं की काच टिकते असं तरी कुठं आहे? 2019 च्या ऑगस्टमध्ये पंचगंगेचा महापूर आला, तेव्हा शाहूपुरीतल्या आमच्या एका वहिनींच्या घरात पाणी शिरलं. माणसं वेळेवर बाहेर पडली, तेवढं बरं झालं. पाणी ओसरल्यावर आम्ही चिखल काढायला गेलो तर शोकेस आडवं पडलेलं, आणि त्यांच्या लग्नातला सरबताचा सेट चिखलात चुरा होऊन बसलेला. वहिनी म्हणाल्या, "एकदासुद्धा ओठाला लावला नाही गं." बावीस वर्षं त्यांनी तो फक्त पुसला होता.

आता सासूबाईंची शंका. पातळ काच रोजच्या वापरात टिकते का? सासूबाईंनाच त्यांच्या आईच्या कंदिलाची आठवण करून द्या. कराडजवळ ओगलेवाडीला ओगल्यांचा काचकारखाना होता. तिथला प्रभाकर कंदील माझ्या आजोळी होता आणि तुमच्याही असणार. आता कारखाना नाही, पण गावाचं नाव तेच आहे आणि कराडचं रेल्वे स्टेशन त्याच गावात आहे. त्याच्याही आधी, 1908 साली, तळेगावला पैसा फंडाचा काचकारखाना निघाला होता, लोकांनी एकेक पैसा जमवून. काच इथंच व्हावी यासाठी माणसांनी किती खटपट केली!

तर कंदिलाची काच. पापडासारखी पातळ. रोज संध्याकाळी दिवेलागणीच्या आधी आजी ती काढायची, वस्त्रगाळ राख आणि धोतराचा मऊ बोळा आत फिरवायची, उजेडाकडं धरून बघायची आणि परत बसवायची. तीनशे पासष्ट दिवस. तीच काच रात्रभर तापायची आणि सकाळी निवायची. तरी वर्षानुवर्षं टिकायची. आम्हा पोरांना मात्र हात लावू द्यायची नाही, आणि तापलेल्या काचेजवळ ओला हात आणला तर पाठीत धपाटा. आजीला शास्त्र ठाऊक नव्हतं, पण काचेचे दोन्ही वैरी ठाऊक होते: ओरखडा आणि एकदम बदललेली उष्णता.

ओरखड्याचं मला आधी खरं वाटलं नव्हतं. आमच्या शेजारी काचेचं शास्त्र शिकवणारे एक निवृत्त प्राध्यापक राहतात, त्यांनी समजावलं. 1921 साली इंग्लंडमधल्या ग्रिफिथ नावाच्या शास्त्रज्ञानं दाखवून दिलं की काच मुळात फार बळकट असते. तिला मोडतात ते तिच्या अंगावरचे डोळ्यांना न दिसणारे बारीक तडे. ताण आला की तो त्या तड्याच्या टोकाशी गोळा होतो आणि तडा पुढं सरकतो. ओलाव्यानं तर हळूहळूही सरकतो. म्हणून कधी कधी टेबलावर नुसता ठेवलेला ग्लास टचकन तडकतो आणि आपण म्हणतो, दृष्ट लागली. दृष्ट नाही हो, मागच्या आठवड्यात घासणीनं काढलेला ओरखडा तो!

म्हणून भांड्यांची पावडर, तारेची घासणी, हिरवी खरखरीत घासणी यांतलं काहीही या ग्लासांना लावू नका. राखही नको, आजीसारखी वस्त्रगाळ करायला आता कुणाला वेळ आहे? साबणाचं कोमट पाणी आणि मऊ स्पंज पुरे. आपल्या हातातला चुडाही काचेचाच असतो. धुताना बांगड्या कोपराकडं सरकवा, आणि हिऱ्याची अंगठी असेल तर ती काढूनच ठेवा.

आता आमचा पहिला ग्लास. गेल्या दिवाळीनंतर सूनबाईचं माहेर जेवायला आलं होतं. मटणाचा बेत. सूनबाई हौशी; म्हणाली, पांढरा रस्सा या ग्लासांतून सूपसारखा देऊ. कल्पना झकास! पण ग्लास सकाळपासून फ्रिजमध्ये होते, त्यात आधी सोलकढी द्यायचं ठरलं होतं. गार ग्लासात कढत रस्सा पडला आणि एक ग्लास दांड्याच्या वर गोल तडकला. रस्सा टेबलक्लॉथवर, आणि व्याही म्हणाले, "कोल्हापूरचा रस्सा काच फोडतो म्हणतात ते खोटं नाही." कोण म्हणतं, देव जाणे.

तसं पाहिलं तर उष्णता पातळ काचच जास्त सोसते. जाड ग्लासात कढत चहा ओतला की आतली बाजू फुगते, बाहेरची गारच राहते, आणि त्या ओढाताणीत बूड सुटतं. पातळ काच आतबाहेर लवकर सारखी तापते. पण दांड्याच्या ग्लासात पातळ पेला आणि जाड दांडा जिथं जुळतात, तिथं ही ओढाताण होतेच. तेव्हा गारात गार, कोमटात कोमट. कढतासाठी बोरोसिलची भांडी आहेत. ती काच साध्या काचेच्या मानानं तापल्यावर जेमतेम एक तृतीयांश फुगते.

कुणाकडे जुने, हातात जड लागणारे, टिचकी मारली की घंटेसारखे वाजणारे ग्लास किंवा सुरई असेल, तर ती शिशाची काच असू शकते; चांगल्यात 24 टक्के किंवा जास्तच शिसाचं ऑक्साइड असतं. पाहुण्यांना त्यातून कधीतरी सरबत दिलं तर ठीक, पण लिंबाचं सरबत रात्रभर त्यात ठेवू नका. आंबटात शिसं उतरतं.

पुसताना एक पथ्य फार महत्त्वाचं. एका हातात तळ धरून दुसऱ्या हातानं आत फडकं पिळल्यासारखं फिरवलं की दांडा मोडतो आणि मोडलेलं टोक थेट तळव्यात घुसतं. म्हणून पेलाच तळहातात धरायचा आणि त्याच हातातला पेला पुसायचा. ठेवताना उभा, तळावर. आपण धुळीसाठी ग्लास पालथे घालतो, पण या ग्लासांची कड सगळ्यात नाजूक असते. वरून मलमलचं फडकं टाका, झालं. आणि बोअरच्या पाण्याचे पांढरे डाग घासून काढू नका, व्हिनेगर किंवा लिंबाच्या पाण्यात थोडा वेळ बुडवा.

दुसऱ्या ग्लासाचं सांगायला मला जरा जड जातंय.

पाहुण्यांची रात्र होती. मी दमले होते. सगळी भांडी सिंकमध्ये ढकलली. खाली कढई, वर ताटं, आणि त्यातच दोन ग्लास. म्हटलं, सकाळी मावशी घासतील. सकाळी मावशी आल्या. मी देवपूजेत. बऱ्याच वेळानं स्वयंपाकघरात गेले तर मावशी एका हाताला पदर गुंडाळून दुसऱ्या हातानं भांडी घासत होत्या. पदर लाल झालेला. काचा त्यांनी आपल्या पिशवीत लपवल्या होत्या.

"वैनी, माझ्याच हातनं फुटला बगा. पगारातनं कापून घ्या, पर सायबास्नी सांगू नगा."

आधीच्या एका घरी म्हणे कपबशीचे पैसे कापत. पण मला दुसऱ्याची नावं ठेवायला तोंड कुठं होतं? त्याच ग्लासांवरून, "मावशी, जपून हां, महागाचे आहेत," असं मीच त्यांना दोनतीनदा ऐकवलं होतं. कढईखाली काच ठेवली मी आणि भीती त्यांना घातली. चार टाके पडले. आठ दिवस मावशी आल्या नाहीत, पगार अर्थातच पूर्ण दिला. भांडी मी घासली, तेव्हा त्या सिंकमध्ये हात घालताना काय होतं तेही कळलं.

तेव्हापासून आमच्याकडे ठरलंय. हे ग्लास सिंकमध्ये जात नाहीत आणि मावशींच्या वाट्याला येत नाहीत. ज्यानं प्यायलं त्यानं उठून धुवायचा, प्लॅस्टिकच्या घमेल्यात, एका वेळी एकच. कडप्प्यावर टॉवेल अंथरून त्यावर निथळायचा. यजमानांनी पहिले चार दिवस कुरकुर केली. आता दोन मिनिटांत धुऊन ठेवतात.

एवढं करूनही कधीतरी फुटेलच. तेव्हा आधी पायांत चपला घाला आणि पोरांना बाहेर काढा. मोठे तुकडे जाड कागदानं उचला, बारीक चुऱ्यावर कणकेचा गोळा दाबून फिरवा आणि मग तो टाकून द्या. बॅटरी जमिनीलगत आडवी धरली की उरलेले कण चमकतात. ओट्यावर उघडं अन्न असेल तर जीव कळवळला तरी फेकून द्या. काचा केरात मिसळू नका. पुठ्ठ्याच्या खोक्यात भरा, दोरीनं बांधा, वर ठळक अक्षरांत "काच" लिहा आणि घंटागाडी आली की खाली जाऊन गाडीवरच्या माणसाला सांगून हातात द्या.