शेजारचे दान

लंडनचे महाराष्ट्र मंडळ १९३२ सालचे. ब्रिटनमधल्या मराठी घरांतली देणगी मात्र अजूनही बहुधा गावाकडे जाते: शाळेच्या खोलीला, देवळाच्या जीर्णोद्धाराला. ते योग्यच. पण मुले ज्या गल्लीत वाढतात, तिथल्या गरजेकडेही लक्ष हवे. म्हणून हा अंक स्थानिक धर्मादाय संस्थांविषयी.

पैसा देताना ‘गिफ्ट एड’ची माहिती असावी. करदात्याने त्याचे घोषणापत्र भरले, की १०० पौंडांच्या देणगीवर संस्थेला सरकारकडून आणखी २५ पौंड मिळतात. अट एवढीच, की देणाऱ्याने त्या वर्षी निदान तेवढा कर भरलेला असावा. कागद भरायचा राहिला, की हा हक्काचा पैसा बुडतो, आणि हे फार हळहळण्यासारखे आहे. इंग्लंड-वेल्समधील संस्थांची नोंदणी चॅरिटी कमिशनकडे तपासता येते.

फूड बँकेला डबाबंद कडधान्ये, तांदूळ, साबण चालतो. नेण्याआधी काय कमी आहे ते विचारावे.

एका दानाला मात्र मराठी माणसाचीच गरज असते. रक्ताच्या कर्करोगात मूलपेशींची जुळणी बरीचशी वंशावर अवलंबून असते, आणि नोंदवह्यांत दक्षिण आशियाई दाते कमी आहेत. ‘अँथनी नोलन’ संस्थेत १६ ते ३० वयाच्या निरोगी तरुणांना नाव नोंदवता येते. त्यासाठी गालाच्या आतला नमुना पुरतो.

आपल्या भागातील संस्थांचे अनुभव वाचकांनी संपादकांना जरूर लिहून कळवावेत.