शेवट सांगा ना गोष्टीचा!

गेल्या जानेवारीतली गोष्ट. संध्याकाळची कल्याण लोकल, लेडीज डबा. मुंब्रा गेलं तसं जरा अंग हलवता येईल एवढी जागा झाली. माझ्यासमोर कॉलेजच्या दोन मुली बसल्या होत्या. त्यातली एक चक्क डोळे पुसत होती. "संपलं गं सगळं," असं काहीसं ती म्हणत होती. शेजारी मटार सोलत बसलेल्या काकूंचा हात थांबला. त्यांनी हळूच विचारलं, "काय झालं गं बाळा? घरी सगळं ठीक आहे ना?"

मुलगी ओशाळली. "काही नाही हो काकू, मालिका संपली."

डब्यात हशा पिकला. मटारवाल्या काकू तर म्हणाल्या, "अगं, मग सुटलीस की! आमच्या काही संपत नाहीत बाई."

ती मुलगी 'स्ट्रेंजर थिंग्ज'बद्दल बोलत होती. २०१६ साली सुरू झालेली ही विज्ञान काल्पनिका पाच पर्वांनंतर २०२५चं वर्ष सरता सरता संपली. अमेरिकेतलं एक लहानसं गाव, तिथल्या सरकारी प्रयोगशाळेतले उद्योग आणि त्यात सापडलेली चार-पाच पोरं, अशी ती गोष्ट. पहिल्या पर्वात एका बाईचा मुलगा हरवतो. तो दुसऱ्याच कुठल्या जगात अडकलाय आणि घरातल्या दिव्यांमधून आपल्याशी बोलतोय, हे फक्त त्या आईला कळतं. सगळं गाव तिला वेडी म्हणतं. ती मात्र घरभर दिव्यांच्या माळा लावून बसते. नववी-दहावीत ही मालिका बघायला लागलेली मुलगी आज नोकरीला लागली असेल. तिच्या डोळ्यांत पाणी येणारच की!

मी मात्र हसले नाही. मला आठवला ३ एप्रिल २००५ चा रविवार.

आम्ही तेव्हा डोंबिवलीत दोन खोल्यांत राहत होतो. सासूबाई, आम्ही दोघं आणि आठ वर्षांचा मुलगा. रविवारी दुपारी बाराच्या आधी त्याची आंघोळ, अभ्यास, सगळं आटपलेलं असायचं. मजल्यावरची आणखी चार पोरं आमच्याकडे जमायची. कारण एकच, 'शक्तिमान'! त्या रविवारीही सगळे वेळेवर हजर होते. बारा वाजले, सव्वाबारा झाले. टीव्हीवर भलतंच काहीतरी चालू. मुलानं उठून टीव्हीच्या डोक्यावर दोन चापट्या मारल्या, केबलची वायर हलवून पाहिली. मग स्वयंपाकघरात येऊन मला विचारलं, "आई, शक्तिमान का नाही लागला?"

मी पोळ्या लाटत होते. खरं सांगते मैत्रिणींनो, मला आतून आनंदच झाला. वार्षिक परीक्षा तोंडावर आलेली! म्हटलं, बरं झालं, कटकट गेली. "संपली असेल," मी म्हणाले आणि पोळी तव्यावर टाकली.

"पण शेवट कुठे झाला?" तो म्हणाला.

याला माझ्याकडे उत्तर नव्हतं. तो पुढचे तीन रविवार बारा वाजता टीव्हीसमोर बसत होता.

'शक्तिमान' सुरू झाली १३ सप्टेंबर १९९७ ला, म्हणजे माझा मुलगा आणि ती मालिका एकाच वर्षाचे. शेवटचा भाग लागला २७ मार्च २००५ ला. मुकेश खन्ना त्यात दोन भूमिका करायचे, एक शक्तिमानची आणि दुसरी दात पुढे आलेल्या भोळसट गंगाधरची. वर्तमानपत्रात फोटो काढणारा हा गंगाधर आमच्या पोरांना फार जवळचा वाटायचा. नावच मुळी आपल्यातलं! त्यात डॉ. जॅकॉलसारखा माथेफिरू शास्त्रज्ञ होता, पंचमहाभूतं होती, योगविद्या होती. म्हणजे अर्धं विज्ञान आणि अर्धं पुराण. पण मुलांना त्याचं काय? शेवटी 'छोटी छोटी मगर मोटी बातें' लागायचं आणि खोटं बोलू नये, दात घासावेत असलं काही त्यात सांगायचे. मी सांगून न ऐकणारा माझा मुलगा ते निमूट ऐकायचा.

वाईटही बोललं गेलं त्या मालिकेबद्दल. शक्तिमानची नक्कल करताना मुलांना इजा झाल्याच्या बातम्या यायच्या. मीही गॅलरीचं दार लावून घ्यायची. नुसतं कौतुकच करावं असं काही मी म्हणत नाही. पण आठ वर्षं ती गोष्ट आमच्या घरात राहत होती, एवढं खरं.

ती बंद का झाली, हे पुढे मुकेश खन्नांनीच मुलाखतींमधून सांगितलं. प्रसारणासाठी भरावे लागणारे पैसे वाढत गेले आणि परवडेनासं झालं, असं त्यांचं म्हणणं. व्यवहार कुणाला चुकलाय? कोण चूक आणि कोण बरोबर, ते ठरवायला मी बसलेली नाही. माझा मुद्दा एवढाच की मोठ्यांच्या त्या हिशेबात, समोर मांडी घालून बसलेलं आठ वर्षांचं पोर कुठे धरलेलं नव्हतं. आणि खरं सांगायचं तर माझ्याही हिशेबात ते नव्हतं. मला परीक्षा दिसत होती.

आता गंमत बघा. 'शक्तिमान'चा शेवटचा भाग लागला त्याच्या आदल्या दिवशी, २६ मार्च २००५ ला, तिकडे इंग्लंडमध्ये 'डॉक्टर हू' ही मालिका नव्यानं सुरू झाली. काळातून मागेपुढे फिरणाऱ्या एका अवलियाची ही गोष्ट मुळात १९६३ सालची. तिची पहिली निर्माती होती व्हेरिटी लॅम्बर्ट नावाची तरुण बाई आणि पहिल्या भागाचे दिग्दर्शक होते वारिस हुसेन, आपल्या लखनौत जन्मलेले! ती मालिका १९८९ मध्ये थांबली होती. पण तिच्यावर जीव असणाऱ्यांनी ती विसरू दिली नाही. सोळा वर्षांनी ती परत आली आणि २०१७ नंतर काही वर्षं तो अवलिया चक्क एक बाई झाला.

"विज्ञानाच्या मालिका म्हणजे पुरुषांचं आणि पोरांचं काम, आपल्याला काय त्यातलं कळतंय!" असं आपण बायका फार लवकर म्हणून मोकळ्या होतो. म्हणून आणखी एक गोष्ट सांगते. 'स्टार ट्रेक' आठवतंय का? ऐंशीच्या दशकात दूरदर्शनवर रविवारी सकाळी लागायचं. टोकदार कानांचा मिस्टर स्पॉक असलेलं. अमेरिकेत ती मालिका १९६६ साली सुरू झाली. ती उभी राहिली त्यात मोठा वाटा होता ल्युसिल बॉलचा. ही तिथली लाडकी विनोदी नटी आणि जिथे मालिका तयार झाली त्या स्टुडिओची मालकीण. दुसऱ्याच वर्षी मालिका बंद होणार अशी कुणकुण लागली. तेव्हा बीजो ट्रिम्बल नावाच्या एका बाईनं नवऱ्याला हाताशी धरलं आणि देशभरातल्या प्रेक्षकांना पत्रं लिहायला लावली. तेव्हा ना मोबाइल, ना कॉम्प्युटर. पाकीट आणायचं, तिकीट लावायचं, पेटीत टाकायचं. वाहिनीच्या कार्यालयात पत्रांचा नुसता खच पडला. शेवटी १९६८च्या मार्चमध्ये वाहिनीनं टीव्हीवरूनच जाहीर केलं, मालिका चालू राहील!

एकच वर्ष जास्त मिळालं, १९६९ मध्ये ती संपलीच. पण त्या एका वर्षानं भागांची संख्या ७९ झाली. ते भाग पुन्हा पुन्हा दाखवले गेले आणि मालिका जगभर पोचली. त्यातली लेफ्टनंट उहुरा ही कृष्णवर्णीय अधिकारी बघत मोठी झालेली मे जेमिसन १९९२ साली खरीखुरी अंतराळात गेली. अंतराळात जाणारी पहिली कृष्णवर्णीय स्त्री! एका बाईनं पोस्टाच्या पेट्या भरायला लावल्या नसत्या, तर 'स्टार ट्रेक' कधीच विस्मरणात गेली असती.

आणि आपण? आपल्याकडे दोनच तऱ्हा. एक तर मालिका संपतच नाही. 'चार दिवस सासूचे' नावाला चार दिवसांची, पण चालली २००१ पासून २०१३ पर्यंत, तीन हजारांहून जास्त भाग! किंवा मग टीआरपी घसरला की आठ दिवसांत गाशा गुंडाळायचा. वर्षभर स्मृती गेलेल्या नायिकेला अर्ध्या तासात सगळं आठवतं, खलनायिका पाया पडते, सगळे रांगेत उभे राहून फोटो काढतात. ठरवलेल्या जागी ठरवलेला शेवट करणाऱ्या 'असंभव'सारख्या मालिका मोजक्याच. २००९ मध्ये ती संपली, पण बायका अजून तिची आठवण काढतात, त्याचं कारण हेच.

विज्ञान मालिकांचं तर नावच नको. हिंदीत निदान १९८९ मध्ये 'इंद्रधनुष' आणि 'स्पेस सिटी सिग्मा' झाल्या. १९९८ मध्ये केतन मेहतांची 'कॅप्टन व्योम' आली, तीत मिलिंद सोमण बाविसाव्या शतकातला अंतराळवीर झाला होता. मराठीत मात्र आपल्या घरात आठवणीनं नाव घ्यावं अशी एकही विज्ञान मालिका मला सांगता येत नाही. आणि गोष्टी नाहीत म्हणावं, तर तसंही नाही. मराठी विज्ञान परिषदेच्या स्पर्धेला जयंत नारळीकरांनी १९७४ मध्ये 'नारायण विनायक जगताप' असं टोपणनाव घेऊन 'कृष्णविवर' ही कथा पाठवली आणि बक्षीस मिळवलं. बाळ फोंडके, लक्ष्मण लोंढे, निरंजन घाटे, सुबोध जावडेकर, मेघश्री दळवी... लायब्ररीत फळी भरेल एवढी पुस्तकं आहेत. पडद्यावर मात्र सासू-सून आणि मंगळसूत्र. वाहिन्या म्हणतात, बायकांना हेच आवडतं. आपल्याला कुणी विचारलं होतं का हो?

कुणी म्हणेल, "एवढं काय त्या मालिकेचं घेऊन बसलात?" पण बघा ना, मुलाला झोपवताना आपण गोष्ट अर्ध्यावर सोडतो का? डोळे मिटत असले तरी "आणि मग राजा-राणी सुखानं राहू लागले" एवढं म्हणूनच दिवा मालवतो. साठा उत्तरांची कहाणी पाचा उत्तरी सुफळ संपूर्ण केल्याशिवाय आपल्या आज्या पाटावरून उठत नव्हत्या. गोष्ट सुरू केली की शेवट देणं लागतो, ही आपल्याकडची जुनी रीत आहे. गोष्टीचा शेवट कळला की मूल रुसतं, भांडतं, रडतं आणि मग पुढच्या गोष्टीकडे वळतं. न कळलेला शेवट मात्र मनात तसाच राहून जातो.

आमच्याकडे काय झालं ते सांगते आणि थांबते. चौथ्या रविवारी रात्री लोडशेडिंग होतं. उकाड्यानं जीव नकोसा झालेला. मुलगा पुन्हा म्हणाला, "आई, किल्विषचं काय झालं?" अंधार कायम राहावा असं म्हणणारा तो किल्विष. मी कपाट चाचपून मेणबत्ती काढली, पेटवली आणि म्हटलं, "अरे, अंधाराला गुद्दे मारून चालत नाही हे शक्तिमानच्या लक्षात आलं. मग त्यानं आपलं तेज वाटून टाकलं. प्रत्येक घराला थोडं थोडं. आता किल्विष आला की ज्याच्या त्याच्या घरी उजेड होतो, आणि गंगाधर आपला खुशाल फोटो काढत बसतो." सासूबाई अंधारातून म्हणाल्या, "बरं झालं हो, मलाही काळजी लागली होती!" पोरगं हसलं आणि झोपलं. पुढच्या रविवारी ते बारा वाजता टीव्हीपाशी गेलं नाही.

२०२० च्या लॉकडाऊनमध्ये दूरदर्शननं जुन्या मालिका पुन्हा दाखवल्या, त्यात 'शक्तिमान'ही होती. घरून ऑफिसचं काम करणारा तेवीस वर्षांचा मुलगा माझ्या शेजारी येऊन बसला. म्हणाला, "आई, खरा शेवट काय होता ते मला आठवतच नाही. मला तुझा मेणबत्तीचाच आठवतो. आणि माहितेय, मी तेव्हा मजल्यावरच्या सगळ्यांना सांगितलं होतं की खरंच तसाच झाला म्हणून!"

आता प्रत्येक मालिकेला मी शेवट कुठून पुरवू? तेव्हा मैत्रिणींनो, मटार सोलता सोलता एक काम करा. एखादी मालिका मनापासून आवडत असेल तर वाहिनीला तसं कळवा. लांबवू नका म्हणावं, आणि मध्येच तोडूही नका. मराठीत चांगली विज्ञान मालिका हवी असेल तर तेही लिहा, सोबत आवडत्या कथेचं नाव द्या. एका पत्रानं काही होत नाही, असं त्या ट्रिम्बलबाईंना नक्कीच कुणीतरी सांगितलं असणार. त्यांनी ऐकलं नाही. आपणही कशाला ऐकायचं?