एकांताला जागा किती लागते?

रमजानच्या शेवटच्या दहा दिवसांत मशिदींच्या कोपऱ्यात पडदे लागतात. घरदार, धंदा बाजूला ठेवून काही जण ईदचा चाँद दिसेपर्यंत तिथेच राहतात. याला एतिकाफ म्हणतात. अनेक स्त्रिया घरातच एखादा कोपरा धरतात. चटईपुरती जागा त्यांना पुरते.

एकांताची ओढ सर्वधर्मीयांना असते. म्हणूनच जंगलातल्या मुक्कामांना मागणी आहे. पण त्यासाठी डोंगर कापून काँक्रीटच्या खोल्या, जनरेटर आणि पोहण्याचे तलाव उभे राहिले, तर ज्या शांततेसाठी माणूस तिथे जातो, तीच उरत नाही.

अमेरिकेत हेन्री डेव्हिड थोरो १८४५ मध्ये वॉल्डन तळ्याकाठी राहायला गेला. त्याची झोपडी १० फूट रुंद, १५ फूट लांब होती. फळ्या एका मजुराच्या खोपटाच्या, खिडक्या आणि विटाही जुन्याच. खर्च आला २८ डॉलर आणि साडेबारा सेंट. तेवढ्यात त्याने दोन वर्षांहून अधिक काळ काढला.

सह्याद्रीतल्या वाड्यापाड्यांना हे नवे नाही. कारवीच्या काठ्यांचा कूड, वर शेणमातीचा लेप. अशी भिंत पडली तरी मातीतच मिसळते.

जंगलात खोली बांधायचीच असेल, तर ती लहान असावी, झाड न तोडता उभी राहावी, पावसाचे पाणी अडवू नये. कशाकशावाचून भागेल, हे आराखड्याआधी ठरवावे. रोजाही माणसाला रोज हेच विचारतो.