विश्लेषण : नाईलकाठी कर्करोगाचा नकाशा का बदलला?

इजिप्तमधील पुरुषांमध्ये एकेकाळी मूत्राशयाचा कर्करोग सर्वाधिक आढळे. आता तिथे यकृताच्या कर्करोगाने पहिले स्थान घेतले आहे. या बदलामागे एका जुन्या आजाराची आणि त्याच्यावरच्या चुकलेल्या उपचाराची मोठी साखळी आहे.

आकडे काय सांगतात?

इजिप्तच्या राष्ट्रीय कर्करोग नोंदणी कार्यक्रमाने २००८ ते २०११ या काळातील नोंदी उत्तर, मध्य आणि दक्षिण अशा तीन विभागांतून गोळा केल्या. त्यानुसार पुरुषांमधील कर्करोगांत यकृताचा वाटा ३३.६ टक्के, तर मूत्राशयाचा १०.७ टक्के होता. महिलांमध्ये स्तनाचा कर्करोग ३२ टक्के आणि त्याखालोखाल यकृताचा १३.५ टक्के. एवढ्या मोठ्या प्रमाणात यकृताचा कर्करोग फार थोड्या देशांत आढळतो. त्यातही त्याचा जोर देशभर सारखा नाही. नाईलच्या त्रिभुज प्रदेशात तो जास्त, दक्षिणेला अस्वानकडे कमी. (त्रिभुज प्रदेश नकाशात वर असला तरी त्याला ‘खालचा इजिप्त’ म्हणतात, कारण नाव नदीच्या उतारावरून पडले आहे.)

मूत्राशयाचा कर्करोग इतका का होता?

कारण ‘बिलहार्झिया’. थिओडोर बिलहार्झ या जर्मन डॉक्टरने १८५१ मध्ये कैरोत या रोगाचा परजीवी कृमी शोधला. तो गोड्या पाण्यातील गोगलगाईंत वाढतो आणि कालव्यात उतरलेल्या माणसाच्या त्वचेतून शरीरात शिरतो. त्याची अंडी मूत्राशयाच्या भिंतीत अडकून वर्षानुवर्षे दाह होत राहतो. कालव्यांत राबणारे शेतकरी त्याचे मुख्य बळी. कैरोतील डॉक्टर फर्ग्युसन यांनी १९११ मध्येच या कृमीचा कर्करोगाशी संबंध दाखवला होता. आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने १९९४ मध्ये त्याला कर्करोगकारकांच्या पहिल्या गटात टाकले.

हा कृमी महाराष्ट्रालाही अगदीच अनोळखी नाही. १९५०च्या दशकात रत्नागिरी जिल्ह्यातील गिमवी गावात मूत्रमार्गाच्या बिलहार्झियाचे रुग्ण आढळले होते. भारतात तो प्रकार तिथपुरताच राहिला.

मग यकृत मध्येच कुठून आले?

१९५०च्या दशकापासून १९८०च्या दशकापर्यंत इजिप्त सरकारने बिलहार्झियाविरुद्ध गावोगाव मोहीम चालवली. औषध होते अँटिमनीचे, शिरेतून दिले जाणारे. प्रत्येक रुग्णाला अनेक इंजेक्शने लागत आणि काचेच्या त्याच सिरिंज नीट निर्जंतुक न करता पुन्हा वापरल्या जात. हेपटायटिस सी विषाणूचा शोध १९८९ मध्ये लागला. तोवर तो या सुयांतून लाखो शरीरांत पोहोचला होता. २००० मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासाने हा संबंध मांडला. मोहिमेचा जोर जिथे अधिक, तिथे नंतर विषाणूही अधिक, असा साधारण मेळ त्यात दिसला. २००८ च्या पाहणीत १५ ते ५९ वयोगटातील १४.७ टक्के लोकांत या विषाणूची प्रतिद्रव्ये सापडली. संसर्गातून यकृत कडक होणे आणि पुढे कर्करोग होणे, यात दोन-तीन दशके जातात. म्हणून जुन्या इंजेक्शनांचा हिशेब २००८ नंतरच्या नोंदींत दिसला.

दुसरीकडे प्राझिक्वान्टेल या गोळीने बिलहार्झिया आटोक्यात आला. मूत्राशयाच्या कर्करोगातही कृमीशी जोडलेला प्रकार मागे पडला आणि तंबाखूशी निगडित प्रकार पुढे सरकला.

शहर आणि गाव यांत फरक?

त्रिभुज प्रदेशातील घार्बिया प्रांतात १९९९ पासून नियमित नोंदणी होते. तिथे १९९९ ते २००६ दरम्यान स्तनाच्या कर्करोगाचे प्रमाण शहरी महिलांत ग्रामीण महिलांच्या तिपटीहून अधिक होते. बाळंतपणे, आहार, वजन अशी कारणे सांगितली जातात. पण गावातील रुग्ण तपासणीपर्यंत पोहोचतातच असे नाही, त्यामुळे या फरकातला काही भाग नोंदीचाच असू शकतो.

पुढे काय?

ऑक्टोबर २०१८ ते एप्रिल २०१९ या सात महिन्यांत इजिप्तने सुमारे पाच कोटी प्रौढांची हेपटायटिस सी चाचणी केली आणि बाधितांना मोफत गोळ्या दिल्या. जागतिक आरोग्य संघटनेने २०२३ मध्ये या देशाला विषाणू निर्मूलनाच्या वाटेवरील ‘सुवर्ण’ दर्जा दिला, हा मान मिळवणारा तो पहिला देश. पण ज्यांचे यकृत आधीच कडक झाले आहे, त्यांचा कर्करोगाचा धोका विषाणू गेल्यावर कमी होतो, संपत नाही. अशा रुग्णांना दर सहा महिन्यांनी सोनोग्राफी करत राहावी लागते. तेव्हा त्रिभुज प्रदेशातील यकृताच्या कर्करोगाचे आकडे लगेच खाली येतील, अशी अपेक्षा घाईची ठरेल.