ढेकूण म्हणून मारू नका, आधी सोंड बघा



पऱ्हाटी पात्या-फुलावर आलीय, सोयाबीन शेंगा धरायलंय आणि फोनवर रोज तोच सवाल येतोय. "दादा, रानात लाल ढेकूण दिसायलेत, काय मारू?" नायगाव-बिलोलीकडून कपाशीवाले विचारतात, औसा-निलंग्याकडून सोयाबीन-तूरवाले विचारतात.

माझं उत्तर दर वेळी एकच असतं. कोणता ढेकूण?

यावर बरेच जण गप होतात. ढेकूण म्हटलं की आपल्या डोक्यात एकच चित्र उभं राहतं, रस शोषणारा, रक्त पिणारा, मारून टाकायचा. पण आपल्या रानात जे ढेकूण आहेत, त्यातले काही पिकाचे वैरी आहेत आणि काही त्या वैऱ्यांचे वैरी आहेत. दोघांनाही आपण एकाच नावानं हाक मारतो आणि एकाच पंपानं मारतो. औषध कोणतं, हा सवाल दुसरा आहे. पहिला सवाल किडा कोण, हा आहे. आणि त्याचं उत्तर रंगात नाही, सोंडेत आहे.

दोन लाल किडे

पहिला आपल्या ओळखीचा, लाल ढेकण्या. फुटलेल्या बोंडावर घोळक्यानं बसतो. बऱ्याच वेळा नर-मादी शेपटीला शेपूट लावून फिरताना दिसतात. मानेवर पांढरी पट्टी, पाठीवर दोन काळे ठिपके, पोटावर आडव्या पांढऱ्या रेघा. सरकीतला रस पितो, रुईला डाग पाडतो. ही कीड आहे, यात वाद नाही.

दुसरा पण लाल-काळाच. पण तो घोळक्यात बसत नाही, एकटा असतो. पानावर दबकत, हळू चालतो. डोकं लांबट, डोळ्यांच्या मागं मान बारीक झालेली. पायानं धडधाकट. याला इंग्रजीत मारेकरी ढेकूण म्हणतात, आपल्या कृषी पुस्तिकांत रेड्युव्हिड ढेकूण लिहितात. कपाशी, सोयाबीन, तूर, भाजीपाला, सगळीकडं सापडतो. त्यातल्या एका जातीचं शास्त्रीय नाव रायनोकोरिस फ्युसिपेस. दुसरी जरा मोठी जात रायनोकोरिस मार्जिनॅटस, तिच्यात तर पोटाची कड कुणाची काळी, कुणाची लाल, कुणाची दोन्ही रंगांची. एकाच जातीत तीन रंग! मग रंगावर भरवसा कसा ठेवणार? पिल्लांचं तर अजून अवघड. दोघांचीही पिल्लं बिनपंखाची आणि लालसर असतात.

म्हणून किडा सापडला की त्याला काटकीनं उलटा करा आणि तोंडाखाली बघा.

लाल ढेकण्याची सोंड लांब, बारीक, सरळ, चार पेरांची. पोटाखाली सुईसारखी चिकटून पडलेली असते. मारेकऱ्याची सोंड आखूड, जाड आणि विळ्यासारखी वाकडी. दिसायला तीन पेरं. डोक्याखालून वाकून पुढच्या पायांच्या मधल्या खाचेत टेकलेली. त्या खाचेवर सोंड घासून तो बारीक कर्रकर्र आवाजही काढतो.

साध्या भिंगात हे दिसतं. मोबाईलवर फोटो मोठा करून बघितला तरी दिसतं. एकदा डोळ्याला सवय झाली की पुढं भिंग पण लागत नाही.

सगळी एकच भावकी

आता जरा वर्गीकरणाचं बोलू. कंटाळू नका, हे परीक्षेपुरतं ज्ञान नाही, फवारणीच्या पैशाशी त्याचा सरळ संबंध आहे.

कपाशीवर येणारा मावा, तुडतुडे, पांढरी माशी, पिठ्या ढेकूण, लाल ढेकण्या, करडा ढेकूण, तुरीवरचा शेंगा ढेकूण, सोयाबीनवरचा हिरवा ढेकूण, हे सगळे एकाच गणातले. गणाचं नाव हेमिप्टेरा, म्हणजे अर्धपंखी. या सगळ्यांना चावायला जबडा नाही, टोचायला सोंड आहे. अळी, भुंगा कुरतडून खातात, हे टोचून पितात. (फुलकिडे आपण रसशोषक म्हणून यांच्याच रांगेत बसवतो, पण त्यांचा गण वेगळा.)

आणि आपला मारेकरी? तोही याच गणातला. त्याचं कुळ रेड्युव्हिडी. जगात या कुळाच्या सात हजारांच्या आसपास जाती नोंदलेल्या आहेत. म्हणजे ज्या गणात कपाशीचे बहुतेक रसशोषक शत्रू आहेत, त्याच गणात हा शिकारी बसलाय. हत्यार सगळ्यांचं एक, सुई. फरक इतकाच की कुणी ती पानात खुपसतो, कुणी अळीत.

अजून आत जा. या गणाचे पोटभाग आहेत. मावा, पांढरी माशी, पिठ्या ढेकूण एका पोटभागात. तुडतुडे दुसऱ्यात. खरे ढेकूण तिसऱ्यात, त्याला हेटेरोप्टेरा म्हणतात. लाल ढेकण्या आणि मारेकरी दोघंही या तिसऱ्यात आहेत, पण तिथंही त्यांची घरं वेगळी. लाल ढेकण्या, हिरवा ढेकूण, शेंगा ढेकूण ही एक शाखा. मारेकरी आणि आपल्या खाटेतला ढेकूण ही दुसरी शाखा. आता बघा गंमत, दिसायला लाल ढेकण्यासारखा असणारा मारेकरी नात्यानं खाटेतल्या ढेकणाला जवळचा आहे!

यातून दोन गोष्टी समजल्या पाहिजेत. दिसण्यावरून नातं ठरत नाही. आणि नात्यावरूनही स्वभाव ठरत नाही.

दुसऱ्या गोष्टीचा दाखला सोयाबीनमध्ये सापडतो. हिरवा ढेकूण ज्या कुळातला, पाठीवर ढाल असलेल्या ढेकणांच्या कुळातला, त्याच कुळात युकॅन्थेकोना फर्सेलाटा नावाचा एक ढेकूण आहे. खांद्याला काटे, ढालीसारखी पाठ. बघणारा म्हणेल शेंगा शोषायला आलाय. पण तो अळ्या मारतो. तंबाखूची पानं खाणारी अळी, जी आपल्या सोयाबीनची चाळणी करते, ती त्याचं खाणं. त्याला पण ओळखायचं कसं? सोंडेवरून. रस पिणाऱ्या भाऊबंदांची सोंड बारीक, याची जाड.

हे शहाणपण जुनं आहे

किडे पंखावरून वेगळे करायची पद्धत स्वीडनच्या लिनियसनं घालून दिली. त्याचाच एक विद्यार्थी होता, डेन्मार्कचा फॅब्रिशियस. तो म्हणाला, पंख नको, तोंड बघा. किडा काय खातो आणि कसा खातो हे तोंड सांगतं. १७७५ साली त्यानं तोंडावर आधारलेली मांडणी पुस्तकात छापली. आपल्या रानातल्या दोन्ही मारेकऱ्यांना शास्त्रीय नाव देणारा हाच माणूस, एकाला १७८७ साली, दुसऱ्याला १७९४ साली. लाल ढेकण्याचं नावही त्याचंच. म्हणजे सव्वादोनशे वर्षांआधी एकाच माणसानं आपला शत्रू आणि मित्र दोन्ही वेगळे नोंदवून ठेवले. आपल्या गावच्या बोलीत मात्र दोघं अजून ढेकूणच.

आपल्या देशात पण यावर मोठं काम झालंय. तमिळनाडूत पाळयमकोट्टईच्या सेंट झेवियर्स कॉलेजात डन्स्टन अॅम्ब्रोस यांनी बरीच वर्षं या मारेकऱ्यांचा अभ्यास केला, प्रयोगशाळेत पाळून बघितले, १९९९ साली त्यांच्यावर पुस्तक काढलं. मराठीत शेतकऱ्याच्या हातात पडेल असं यातलं किती आलं? मला तरी दिसलं नाही.

तो करतो काय, आणि काय करू शकत नाही

शिकार दिसली की पुढच्या पायांनी धरतो, सोंड खुपसतो, लाळ आत सोडतो. त्या लाळेनं अळी लुळी पडते आणि आतलं मांस पातळ होतं. मग तो ते पितो, मागं नुसती कातडी राहते. घाटेअळी, तंबाखूची अळी, उंटअळी, मावा, लाल ढेकण्या, जे सापडेल ते. अंडी पुंजक्यानं चिकटवतो. कोषाची अवस्था नाही, पिल्लू पाच वेळा कात टाकून मोठं होतं आणि पहिल्यापासून शिकारीच असतं.

पण मी त्याला देव करायला बसलेलो नाही. खरं तेच सांगतो.

तो मित्र-शत्रू बघत नाही. मधमाशी सापडली तरी धरतो, ढालकिडा सापडला तरी धरतो, भूक लागली की एकमेकांनाही खातात. त्याची वाढ हळू. माव्याच्या वेगानं तो वाढत नाही. गुलाबी बोंडअळी बोंडात शिरली की तिच्यापर्यंत त्याची सोंड पोचत नाही. तिच्यासाठी कामगंध सापळे लावा, सलग तीन दिवस रोज आठ पतंग सापडले की उपाय करा, हे आहेच. आणि याला उघड्या हातानं धरू नका. डसला तर विंचवासारखी आग होते. त्याच्याच कुळातले काही रक्त पिणारे ढेकूण दक्षिण अमेरिकेत माणसाला चागास नावाचा रोग देतात, ब्राझीलच्या कार्लोस चागास यांनी १९०९ साली तो शोधला. पण आपल्या पऱ्हाटीतला मारेकरी रक्तावर जगत नाही, त्याला घाबरून मारायचं कारण नाही.

"मग एवढ्यानं काय फरक पडणार?" असं विचारणारे आहेत. सवाल बरोबर आहे. एकट्या मारेकऱ्यानं रान राखलं जात नाही. पण तो एकटा नसतो. ढालकिडा, क्रायसोपा, कोळी, गांधीलमाशा, हा सगळा फुकटचा राखणदार आहे. पीक लहान असताना आपण सायपरमेथ्रिन, लॅम्ब्डासारखं सरसकट मारणारं औषध फवारलं की हा राखणदार आधी जातो. कीड लवकर परत वाढते, राखणदार लवकर वाढत नाही. मग दुसरी फवारणी, मग तिसरी. पायरेथ्रॉइड मारल्यावर पांढरी माशी उसळते, हे कपाशीवाल्यांनी बघितलेलं आहे.

एका फवारणीचा खर्च औषध, मजुरी धरून माझ्याकडं एकरी हजाराच्या पुढं जातो. आणि सवाल नुसता पैशाचा नाही. २०१७ साली यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेनं वीसच्या आसपास शेतकरी-मजूर गेले. जी फवारणी टाळता येत होती ती टळली, तर पंप पाठीवर घेणाऱ्याचा जीव पण तेवढा कमी धोक्यात जातो. हे आपण विसरून चालणार नाही.

माझं मागणं

पहिलं आपल्याकडंच. ढेकूण दिसला की दुकानात जाऊ नका, रानात जा. आठवड्यातून एकदा चार कोपरे आणि मध्य धरून वीस झाडं बघा. तुडतुडे पानाला दोन-तीनच्या खाली असतील आणि मित्रकिडे दिसत असतील तर थांबा. आधी पाच टक्के निंबोळी अर्क घ्या. पहिले दोन महिने पायरेथ्रॉइड नकोच. बांध सरसकट पेटवू नका, हा मारेकरी दगडाखाली, पालापाचोळ्यात, झुडपात लपतो. कडेनं मका, चवळीची एखादी ओळ असू द्या.

दुसरं दुकानदारांकडं. "ढेकूण आहेत" एवढं ऐकून बाटली काढून देऊ नका. गिऱ्हाइकाला फोटो मागा. सोंड बघून सांगा. असं करणारे थोडे आहेत, पण आहेत, आणि त्यांच्याकडं लोक पुन्हा पुन्हा जातात.

तिसरं कृषी सहायक, विज्ञान केंद्र आणि परभणीच्या विद्यापीठातल्या शास्त्रज्ञ मंडळींकडं. २००८ साली सोयाबीनवर अळीनं हाहाकार केला, त्यानंतर क्रॉपसॅपचं सर्वेक्षण सुरू झालं, त्याचा आपल्याला फायदा झाला, हे मान्य. पण आमच्या मोबाईलवर जो सल्ला येतो त्यात किडीचा आकडा असतो, मित्रकिडीचा क्वचितच. "इतकी कीड असेल तर फवारा" याच्या जोडीला "इतके मित्रकिडे असतील तर थांबा" हे पण येऊ द्या. नांदेडच्या कापूस संशोधन केंद्रानं आपल्याला एनएचएच-४४ सारखं वाण दिलं, ते घराघरात गेलं. एक साधा तक्ता पण तसाच घराघरात जाऊ शकतो, डाव्या बाजूला सरळ सोंड, उजव्या बाजूला वाकडी सोंड.

आणि शेवटचं, याला नाव द्या. रेड्युव्हिड म्हणायला जीभ वळत नाही, आणि ढेकूण म्हटलं की हात पंपाकडं जातो. मी माझ्या सालगड्याला आणि बायामाणसांना "शिकाऱ्या" असं सांगायलोय. खुरपताना त्या आता म्हणतात, "शिकाऱ्या हाय, ऱ्हाऊ द्या." तुमच्या भागात याला जुनं नाव असेल तर जरूर सांगा, जुनं नाव कधीही चांगलं.

उद्या रानात गेलात की एक लाल किडा धरा, पण काटकीनं. उलटा करा, सोंडेचा फोटो काढा आणि इथं टाका. सरळ का वाकडी, ते आपण मिळून बघू.