सूर्य पेटला, पण मीटर बघितलं का?

‘लेझरने पृथ्वीवर सूर्य पेटवला’ ही बातमी तुम्हीही फॉरवर्ड केली असेल. ५ डिसेंबर २०२२ला कॅलिफोर्नियातल्या लॉरेन्स लिव्हरमोर प्रयोगशाळेत १९२ लेझर किरण सोन्याच्या इवल्याशा नळकांड्यात सोडले. तिथे तयार झालेल्या क्ष-किरणांनी हायड्रोजन इंधनाची मिरीएवढी गोळी दाबली, तिचा प्लाझ्मा झाला आणि अणुकेंद्रकं जुळली. आत २.०५ मेगाज्यूल, बाहेर ३.१५. भारीच! पण लेझर चालवायलाच सुमारे ३०० मेगाज्यूल वीज लागली, त्याचं काय? शिवाय वीजकेंद्रात हा बार सेकंदाला साधारण दहा वेळा उडायला हवा. तिथे दिवसाला एखादाच उडतो. म्हणून पुढच्या वेळी ‘जास्त ऊर्जा मिळाली’ असं वाचलंत, की आधी विचारा: हिशोब लेझरपासून केलाय की प्लगपासून?