धंद्याची किल्ली आपल्याच कमरेला हवी



मागच्या दिवाळीच्या तोंडावर माझं दुकान बंद पडलं. घरात खाकरे, मुगाचे पापड, मुगवड्या सगळं डबे भरून तयार होतं. बंद पडलं ते फोनमधलं दुकान.

झालं असं की तीन वर्षांपूर्वी भाच्याने त्याच्या जादा सिमवर मला व्हॉट्सॲप बिझनेस, इन्स्टाग्राम आणि फेसबुकचं पेज काढून दिलं. पुढे तो नोकरीला पुण्याला गेला. त्या सिमचं रिचार्ज राहिलं आणि नंबर बंद झाला. मला पत्ताच नाही. मी नवा फोन घेतला, तर प्रत्येक ठिकाणी ओटीपी जायचा त्या बंद नंबरवर! शिरपूरला अंतरिक्ष पार्श्वनाथांच्या दर्शनाला येणारे कितीतरी यात्रेकरू परतताना माझा माल न्यायचे, घरी गेल्यावर पुन्हा मागवायचे. ती सगळी माणसं एका दिवसात तुटली.

भाच्याचा काहीच दोष नाही. त्याने प्रेमाने केलं. चूक माझी. धान्याच्या कोठीची किल्ली मी कधी दुसऱ्याकडे ठेवली नाही, आणि धंद्याची किल्ली मात्र तीन वर्षं दुसऱ्याच्या खिशात होती.

म्हणून माझं ठाम मत सांगते. धंद्याची खाती बाईच्या स्वतःच्या नंबरवर असावीत. आणि ती थोडीच असावीत.

"घरच्यांवर विश्वास नाही का?" असं कुणी विचारेल. विश्वास आहेच. पण विश्वास वेगळा आणि व्यवस्था वेगळी. लिज्जत पापड बघा. १५ मार्च १९५९ ला गिरगावात सात बायकांनी ८० रुपये उसने घेऊन सुरुवात केली. सल्ला द्यायला छगनबाप्पा पारेखांसारखे जाणते पुरुष होते, पण मालकी बहिणींचीच राहिली. मदत जरूर घ्यावी, मालकी देऊ नये.

आता मी काय केलं ते सांगते. धंद्यासाठी वेगळं सिम माझ्या नावावर घेतलं आणि रिचार्जची तारीख देवघराजवळच्या कॅलेंडरवर लिहिली. एकाच फोनमध्ये घरचं व्हॉट्सॲप आणि बिझनेसचं व्हॉट्सॲप अशी दोन्ही चालतात, फक्त नंबर वेगळे लागतात. त्यामुळे घरचा नंबर अनोळखी लोकांपर्यंत जात नाही, हा आपल्यासाठी मोठा फायदा. सहा आकडी पिन लावला, ईमेल जोडला. मुलगी ऑर्डरी बघते ती 'लिंक्ड डिव्हाइस' मधून, स्वतःच्या फोनवर. फेसबुक पेजवरही पासवर्ड न देता मदतनीस जोडता येतो. पासवर्ड एका वहीत, वही कपाटात. ओटीपी मात्र कुणालाच नाही, अगदी पोटच्या पोरालाही नाही.

चॅटला लेबलं लावते: नवी ऑर्डर, पैसे बाकी, माल पाठवला. आधी हे सगळं डोक्यात असायचं, आणि सामायिकाला बसलं की नेमकं तेच आठवायचं!

दुसरी गोष्ट, थोडी खाती. कुणी सांगतं यूट्यूब काढ, कुणी टेलिग्राम. आपल्या गृहस्थधर्मात परिग्रह-परिमाण व्रत आहे. कपडे-दागिन्यांना मर्यादा घालतो, तर खात्यांना का नको? मी फेसबुक सोडलं. व्हॉट्सॲप आणि इन्स्टाग्राम दोनच ठेवली, पण विचारणाऱ्याला त्याच दिवशी उत्तर जातं. पाच ओसाड दुकानांपेक्षा दोन झाडलेली बरी.

आपल्या गावाची एक गंमत. नुसतं 'मालेगाव' लिहिलं की लोकांना नाशिक जिल्ह्यातलंच वाटतं. मला विचारणा यायची, "मोसम पुलापासून दुकान किती लांब?" म्हणून सगळीकडे 'मालेगाव, जि. वाशीम' असं पूर्ण लिहा. नाव, पत्ता, फोटो दोन्ही खात्यांवर एकच ठेवा, म्हणजे माणूस चुकत नाही.

फोटो आपल्याच मालाचे टाका. दुसऱ्याचा देखणा फोटो उचलणं ही चोरीच, अचौर्य काही फक्त पैशापुरतं नसतं. आणि 'जैन' शब्द लिहिला तर तो पाळा. पिठाची मर्यादा पावसाळ्यात तीन दिवस, उन्हाळ्यात पाच, हिवाळ्यात सात असं आमच्या घरी पाळतात. गिऱ्हाईकही ते बघतं. मी प्रत्येक पाकिटाच्या फोटोत बनवल्याची तारीख दाखवते.

पर्युषणात दुकान बंद. बिझनेस ॲपमध्ये आपण हजर नसताना आपोआप जाणारा निरोप लावता येतो. "पर्व सुरू आहे, क्षमावणीनंतर उत्तर देईन." वाटलं होतं लोक रागावतील. उलट बऱ्याच जणींनी हात जोडून 'जय जिनेंद्र' पाठवलं.

तुटलेल्यांपैकी निम्मी माणसं अजून परत आलेली नाहीत. माझ्यावर आलं ते तुमच्यावर येऊ नये. आज दुपारी भांडी आवरली की फोन हातात घ्या आणि एवढंच तपासा: तुमचं खातं कुणाच्या नंबरवर आहे? तो नंबर चालू आहे का? नसेल तुमचा, तर ज्याचा आहे तो हाताशी असतानाच बदलून घ्या.